जडसंग्रहातले संगणक: शोध, ओळख आणि विल्हेवाट

सरकारी कार्यालय, शाळा किंवा बँकेची शाखा जुना संगणक टाकते तेव्हा त्याचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे निर्लेखनाचा शेरा पडतो, समितीच्या सह्या होतात, लिलाव होतो आणि माल वजनावर जातो. नोंदवहीत पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते: ‘संगणक संच, १ नग’. तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या पिढीचा, त्यावर कोणते काम चालत होते, त्यात मराठीसाठी काही वेगळे कार्ड बसवलेले होते का, यातले काहीच त्या ओळीवरून कळत नाही.

या मालाचे काय करावे याविषयी गेल्या दीड दशकात चार वेगवेगळ्या बाजूंनी विचार झाला आहे. पर्यावरणाची बाजू म्हणते, सुरक्षितपणे मोडा. शिक्षणाची बाजू म्हणते, दुरुस्त करून वापरा. इतिहासाची बाजू म्हणते, जपा. आणि माहितीच्या सुरक्षिततेची बाजू म्हणते, निदान डिस्क तरी फोडा. चारही बाजूंना आधार आहे. पण चौघींनाही आधी एका प्रश्नाचे उत्तर लागते: समोर पडलेली वस्तू नेमकी कोणती आहे? माझ्या मते आजच्या चर्चेतला कच्चा दुवा हाच आहे. त्या दृष्टीने नांदेड-लातूर भाग, आणि विशेषतः माहूरसारखे टोकाचे तालुके, डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा घेतला आहे.

यंत्रे इकडे कशी आली

महाराष्ट्रातल्या संगणकाची कहाणी मुंबईत सुरू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले यंत्र १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या या यंत्राची स्मृती २,०४८ शब्दांची होती. त्याच दशकात मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांत आयबीएम १४०१ आले आणि पुण्यात ब्रिटिश आयसीएलच्या यंत्रांची जुळणी होऊ लागली. संगणकामुळे नोकऱ्या जातील ही भीती तेव्हा तीव्र होती. केंद्र सरकारने स्वयंचलनाविषयी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, आणि अहवाल आला १९७२ मध्ये. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला कारभार आटोपला. त्या पोकळीत एचसीएल, डीसीएम, विप्रो, मुंबईची झेनिथ अशा देशी कंपन्या वाढल्या.

यातले फारच थोडे मराठवाड्यापर्यंत पोहोचले. इकडे संगणक आला तो १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर, आणि तोही सरकारी वाटेने. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिल्हाधिकारी कार्यालये उपग्रहाद्वारे जोडायला घेतली. १९८६ पासून ‘क्रिस्प’ या केंद्रीय प्रकल्पाखाली जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणांमध्ये योजनांचे हिशेब संगणकावर चढू लागले. बँक कर्मचारी संघटनांशी १९८३ मध्ये करार झाला, पाठोपाठ रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मोठ्या शाखांमध्ये खातेवही छापणारी एएलपीएम यंत्रे बसू लागली. नांदेडला गुरू गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले होते, तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये. ज्यांनी त्या काळची संगणक खोली पाहिली आहे त्यांना दाराबाहेर काढलेल्या चपला, वातानुकूलन आणि कोपऱ्यात गुरगुरणारा, विजेचा दाब स्थिर ठेवणारा जड सीव्हीटी आठवत असेल. त्या यंत्रांचा मान मोठा होता, म्हणूनच ती बंद पडल्यावरही बरीच वर्षे कुणी फेकली नाहीत.

दुसरी लाट खासगी होती: छापखाने, दैनिकांची कार्यालये, साखर कारखान्यांची ऊसबिले, एसटीडी बूथ. तिसरी आणि सर्वांत मोठी लाट २००१ नंतरची. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावी, पुढे मोठ्या खेड्यांतही, दहा-वीस संगणकांची केंद्रे उभी केली. शाळांच्या प्रयोगशाळा आणि तहसीलमधले सातबाराचे संगणकीकरण त्याच्याच आगेमागे आले. माहूर, किनवट, हिमायतनगर या पट्ट्यात आज जुने म्हणून जे सापडेल ते बहुतेक या तिसऱ्या लाटेचे असणार. जिल्ह्याच्या गावी मात्र पहिल्या दोन लाटांचे अवशेष शोधण्यात अर्थ आहे.

कुठे सापडते

जगात गाजलेले दोन शोध या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितले जातात. पहिला ब्रिटनमधल्या ‘विच’ यंत्राचा. १९५० च्या सुमारास हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रासाठी बांधलेले हे यंत्र पुढे एका महाविद्यालयात शिकवण्यासाठी वापरले गेले, मग बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले आणि अखेर सुटे होऊन गोदामात पडले. २००८ मध्ये एका जाणकाराला गोदामाच्या छायाचित्रात त्याचा नियंत्रण फलक ओळखू आला. २०१२ मध्ये ते ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात पुन्हा चालू झाले. दुसरा कॅलिफोर्नियातला: २०१५ मध्ये एका महिलेने घरातले जुने सामान पुनर्चक्रण केंद्रात आणून टाकले, त्यात ‘ॲपल-१’ निघाला. तो २ लाख डॉलरला विकला गेला आणि केंद्राने निम्मी रक्कम देण्यासाठी त्या महिलेचा शोध घेतला.

या दोन गोष्टींतला धडा किमतीचा नाही. दोन्ही वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, त्या हरवल्या होत्या फक्त नावाने. ‘विच’ तर संग्रहालयाच्याच ताब्यात होते.

आपल्याकडे शोधाच्या जागा चार. एक, कार्यालयांच्या आणि शाळांच्या कुलूपबंद खोल्या. निर्लेखनाची प्रक्रिया किचकट असल्याने अधिकारी ती पुढे ढकलतात आणि त्या दिरंगाईमुळे वस्तू टिकतात. दोन, १९९० च्या दशकात डीटीपीवर गेलेले छापखाने. जुन्या फाइल कधी लागतील म्हणून मालक एखादा संच ठेवून देतो. तीन, दुरुस्तीची दुकाने. मराठवाड्यातला दुरुस्तीवाला सुटा भाग सहसा टाकत नाही, आणि त्याच्या माळ्यावर वीस वर्षांचे बोर्ड थराथराने मिळू शकतात. चार, भंगाराचे गोदाम.

या चौथ्या जागेबद्दल चर्चेत अन्याय होतो असे मला वाटते. भंगारवाल्याला अज्ञानी समजले जाते. प्रत्यक्षात बोर्ड पाहून त्याची प्रत लावणारा, सोन्याचा मुलामा असलेल्या कडा आणि सिरॅमिक चिपा झटकन वेगळ्या काढणारा डोळा तालुक्यात बहुधा त्याच्याकडेच असतो. फक्त त्याचे वर्गीकरण धातूच्या हिशेबाने होते. पेंटियम प्रो ही चिप त्याला सोन्यासाठी हवी असते, संग्राहकाला इतिहासासाठी. दोघांची निवड इथे जुळते. पण सोने नसलेले, मराठी अक्षरांचा कळफलक असलेले टर्मिनल त्याच्या दृष्टीने निव्वळ प्लास्टिक असते, आणि तिथेच नुकसान होते. शिवाय माहूर ही पैनगंगेकाठची, यवतमाळ आणि आदिलाबादला लागून असलेली बाजू. इथून माल कोणत्याही दिशेला जाऊ शकतो आणि एकदा मोठ्या शहरात गेला की माग संपतो. जे पाहायचे ते माल तालुक्यात असतानाच पाहायला हवे.

ओळख कशी पटवायची

कॅबिनेटवरच्या नावावर विसंबून चालत नाही. १९९० च्या दशकापासून आपल्याकडचे बहुसंख्य संगणक ‘असेंबल्ड’ होते: कॅबिनेट एकाचे, बोर्ड तैवानचा, डिस्क तिसऱ्याची. नामांकित देशी कंपन्यांच्या डब्यातही आतला बोर्ड परदेशी असू शकतो. उलट नावाचा बिल्ला उडालेल्या डब्यात मूळ संच जसाच्या तसा असू शकतो. म्हणून ओळख बाहेरून आत जाते आणि प्रत्येक पायरीवर अंदाज सुधारत जातो.

बाहेरची पहिली खूण जोडण्यांची. कळफलकाची पाच टोकांची मोठी गोल डिन जोडणी असेल तर यंत्र साधारण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीचे. सहा टोकांची बारीक पीएस/२ जोडणी असेल तर बहुधा नंतरचे. सव्वापाच इंची फ्लॉपीचा खण, समोरच कुलूप आणि ‘टर्बो’ बटण या खुणा २८६ ते ४८६ च्या पिढीकडे बोट दाखवतात.

झाकण काढल्यावर आधी खाचा पाहाव्यात. ६२ संपर्कांची एकच काळी खाच म्हणजे मूळ आयबीएम पीसीची आठ बिटांची आयएसए. तिच्या पुढे ३६ संपर्कांचा तुकडा जोडलेला असेल तर सोळा बिटांची. त्याही पुढे तपकिरी लांब पट्टी असेल तर व्हेसा लोकल बस, म्हणजे ४८६ चा थोडा काळ. पांढऱ्या आखूड खाचा पीसीआयच्या, पेंटियमच्या काळातल्या. एकटी तपकिरी एजीपी १९९७ नंतरची. स्मृतीवरूनही तसेच कळते. ओळीने बसवलेल्या सुट्या चिपा सर्वांत जुन्या, मग ३० टोकांच्या पट्ट्या, मग ७२ टोकांच्या, मग १६८ च्या. डिस्कला दोन वेगवेगळ्या पट्ट्या जात असतील, एक ३४ तारांची आणि एक २० ची, तर ती आयडीईच्या आधीची आहे. सीगेटची २० मेगाबाइटची एसटी-२२५ ही त्या जातीतली पुष्कळ खपलेली डिस्क. ती चालू स्थितीत मिळाली तर तिच्यावरची माहिती आधी वाचून घ्यावी, कौतुक नंतर.

वर्ष ठरवायला सर्वांत भरवशाचा पुरावा चिपांवर छापलेला असतो. चिपेवरच्या मजकुरात बऱ्याचदा चार अंकांचा गट असतो. ‘८९३४’ म्हणजे १९८९ सालचा ३४ वा आठवडा. एका चिपेवरून निष्कर्ष काढू नये, कारण चिपा साठ्यात पडून राहतात. बोर्डावर मुळापासून जोडलेल्या चिपांपैकी सर्वांत नवी जी तारीख सापडेल, तिच्या आधी तो बोर्ड तयार झालेला असणे शक्य नाही. निर्मात्याचे नाव नसेल तर एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाचा क्रमांक शोधावा. त्याच्या सुरुवातीची अक्षरे कंपनीची असतात. यंत्र चालू होत असेल तर सुरुवातीच्या पडद्यावर तळाशी येणारी बायोसची लांब ओळ टिपून घ्यावी. तीत बहुधा तारीख आणि बोर्डाची खूण असते.

पण यंत्र चालू करण्याची घाई हीच नवशोधकाकडून होणारी सर्वांत महाग चूक आहे. ३८६-४८६ च्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती झिरपते आणि आसपासचे तांबे खाऊन टाकते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत वीस वर्षे राहिलेल्या बोर्डावर हिरवट-पांढरा थर दिसणे जवळजवळ ठरलेले. ती आधी कापून काढावी. वीजपुरवठ्यातले जुने कागदी कपॅसिटर वीज देताच फुटून धूर करतात. २००० च्या आसपासच्या बोर्डांवर फुगलेल्या माथ्याचे कपॅसिटर सर्रास दिसतात. मॉनिटरची नळी बंद असतानाही उच्च दाबाचा भार धरून असू शकते, तिला अननुभवी हात लावू नये. आणि ज्या चिपेवर कागदी चिकटपट्टी आहे ती पट्टी कधीही सोलू नये. तिच्याखाली काचेची खिडकी असते आणि आत नोंदवलेला प्रोग्राम अतिनील प्रकाशाने पुसला जातो. उत्सुकतेपोटी पट्टी काढून उन्हात ठेवलेले कार्ड कायमचे मुके होते.

इथवरची ओळख जगभर सारखीच. आपल्याकडे तीत भर घालावी लागते, आणि या लेखातला माझा मुख्य आग्रह तोच आहे.

देशी बनावटीच्या काही वस्तू परदेशी सूचींत क्वचितच दिसतात. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय प्रकल्पात ब्रिटिश बीबीसी मायक्रो आले, पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते ‘युनिकॉर्न’ नावाने इथे बनवले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची परवान्याची आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ म्हणून विकली. टीव्हीला जोडायचा हा छोटा काळा कळफलक खेळणे समजून फेकला जाण्याची शक्यता फार. १९९१ च्या ‘परम ८०००’ या महासंगणकात वापरलेल्या ट्रान्सप्युटर चिपांचे बोर्ड पुण्यातल्या संस्थांच्या भंगारात असू शकतात.

त्याहून महत्त्वाचे आहे मराठीचे हार्डवेअर. भारतीय लिप्यांसाठीचे ‘जिस्ट’ तंत्र कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी विकसित केले आणि १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते पुण्यात आले. आयएसए खाचेत बसणारे जिस्ट कार्ड लावले की डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रामांत देवनागरी लिहिता-वाचता येत असे. मजकूर साठवला जाई तो इस्की या संकेतप्रणालीत, जिला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. युनिकोड आणि विंडोजची देवनागरी आल्यावर ही कार्डे निरुपयोगी ठरली. त्यांच्यात फारसे सोने नाही आणि जागतिक बाजारात त्यांना मागणी नाही. पण मराठी ज्या मार्गाने संगणकात शिरली त्याचा हा भौतिक पुरावा आहे. कार्डावर सी-डॅकचे किंवा जिस्टचे नाव छापलेले दिसले, कळफलकाच्या खुंट्यांवर इंग्रजीसोबत देवनागरी कोरलेली दिसली, तर तो संच वजनावर जाऊ देऊ नये.

तसेच डीटीपीच्या कुलपाचे. श्रीलिपीसारख्या मराठी पॅकेजांसोबत प्रिंटरच्या पोर्टला लावायचे बोटभर लांबीचे डोंगल येत असे. ते लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नसे. १९९० च्या दशकातली मराठवाड्यातली दैनिके, दिवाळी अंक, कवितासंग्रह, लग्नपत्रिका अशा पॅकेजांवर जुळवल्या गेल्या. त्या फाइल युनिकोडमध्ये नाहीत. योग्य फॉन्ट, योग्य पॅकेज आणि ते कुलूप यांतले एक जरी गेले तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग घटतो. खणात पडलेले डोंगल पाहून त्याची किंमत ओळखणारा माणूस आज छापखान्याबाहेर क्वचितच भेटतो.

चार भूमिका

पुनर्चक्रणाची भूमिका आकड्यांवर उभी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. मॉनिटरच्या काचेत शिसे, बॅटरीत कॅडमियम, प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची ज्वालारोधके. उघड्यावर तारा जाळणे आणि तेजाबात बोर्ड बुडवून सोने काढणे यांचा भार त्या वस्तीतल्या मुलांच्या शरीरावर पडतो. या बाजूचे लोक विचारतात की ‘वारसा’ म्हणून घरोघर साठवलेला विषारी माल शेवटी कुणाच्या अंगणात जाणार? प्रश्न रास्त आहे. गळकी बॅटरी आणि फुटकी नळी जपण्याचे कारण वारसावाद्यांनाही देता येत नाही.

पुनर्वापराची भूमिका म्हणते की यंत्राचे आयुष्य वाढवणे हाच सर्वांत स्वच्छ उपाय. हलकी लिनक्स घालून दहा वर्षांचा संगणक जिल्हा परिषद शाळेत टंकलेखनाला चालतो. मर्यादा अशी की विंडोज एक्सपीचा आधार २०१४ मध्ये संपला, त्याआधीची यंत्रे आजच्या इंटरनेटवर सुरक्षित नाहीत, आणि वीज खाऊन कमी काम करणारी वस्तू देणगी म्हणून स्वीकारणाऱ्या शाळेवर विल्हेवाटीचा बोजाही येतो. वारणानगर परिसरातल्या सत्तर गावांत १९९८ मध्ये सुरू झालेल्या संगणकीकरणाचा अनुभव इथे बोलका आहे. पुढे त्यातल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाइल संदेशांवर तेच काम करून पाहिले गेले आणि ते जमले. संगणक दुरुस्त करण्याआधी काम कोणते आहे ते पाहा, असा त्याचा अर्थ.

जतनाच्या भूमिकेत एकमत नाही. एक पक्ष यंत्र चालू करण्याला महत्त्व देतो आणि त्यासाठी कपॅसिटर, वीजपुरवठा, डिस्क बदलायला तयार असतो. दुसरा म्हणतो, बदललेला प्रत्येक भाग हा पुसलेला पुरावा. ‘विच’च्या पुनर्रचनेत शक्य तितके मूळ भाग राखण्यावर भर होता, आणि तो आदर्श बहुतेकांना मान्य आहे, खर्च मात्र प्रत्येकाला झेपत नाही. तिसरा पक्ष यंत्राची गरजच नाकारतो: आज्ञावली आणि चिपांतला मजकूर उतरवून घ्या, बाकी नव्या संगणकावर अनुकरणाने (इम्युलेशनने) चालवा. डॉसच्या प्रोग्रामांबाबत हे आज सहज होते. जिस्ट कार्डाबाबत मात्र आधी कार्ड हातात लागते, त्यातला प्रोग्राम वाचावा लागतो, मगच अनुकरणाचा विचार. म्हणजे अनुकरणवाल्यांनाही भंगारात शोधाशोध चुकत नाही.

चौथी भूमिका माहितीची. कार्यालयाच्या डिस्कवर लाभार्थींची नावे, बँकेच्या डिस्कवर खाती असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आल्यापासून डिस्क फोडून टाकणे हाच सोपा मार्ग अधिकाऱ्यांना वाटू लागला आहे. उलट अभिलेखपालांची बाजू २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्याकडे बोट दाखवते: सरकारी अभिलेख प्रक्रियेशिवाय नष्ट करता येत नाही, आणि तो कागदावर असो की डिस्कवर, अभिलेखच असतो. जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेच्या १९८८ च्या फ्लॉपीत मराठवाड्यातल्या दारिद्र्याचा गावनिहाय हिशेब असू शकतो. मला या बाबतीत अभिलेखपालांचे म्हणणे अधिक पटते. खासगी माहिती झाकता येते, फोडलेली डिस्क जोडता येत नाही.

कायदा कुठे पोहोचतो

ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले आणि मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते नव्याने आले, आणि आता २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. उत्पादकांची जबाबदारी, प्रमाणपत्रे, नोंदणीकृत पुनर्चक्रक ही त्यांची चौकट. या आढाव्याच्या दृष्टीने त्यातल्या तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या.

नव्या नियमांत वर्षात कधीही किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्थाच ‘मोठी ग्राहक’ ठरते. आधीच्या नियमांत सरकारी कार्यालये, बँका, शिक्षणसंस्था यांचा थेट उल्लेख होता. वीस संगणकांची माहूरची शाळा किंवा केंद्र आता त्या व्याख्येत बसत नाही, आणि रीतसर हस्तांतराचा दबाव नेमका तिथे सैल होतो. दुसरे, दुरुस्ती करणाऱ्याला या नियमांत मान्यता आणि प्रमाणपत्राची सोय आहे. पुनर्वापरवाल्यांचे म्हणणे इथे अंशतः ऐकले गेले. तिसरे, नोंदणीकृत पुनर्चक्रकाला माल साधारणपणे १८० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने हे योग्यच, पण ओळख पटवायची खिडकी तेवढीच उरते.

वारशाच्या बाजूने कायद्याचा आधार जवळजवळ नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू शंभर वर्षांची लागते, हस्तलिखित किंवा दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर. त्या मापाने टिफ्रॅकलाही २०६० पर्यंत थांबावे लागेल. माहूरला राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. तिथे मूर्ती आल्या तर त्यांची नोंद कशी करायची हे ठरलेले आहे. १९८८ चा संगणक आला तर तो कोणत्या वर्गात टाकायचा, याचे उत्तर आजच्या चौकटीत नाही.

अजून न ठरलेले

पहिला वाद निवडीचा. प्रत्येक जातीचा एक नमुना ठेवावा, की एका ठिकाणचा संच त्याच्या टेबल, सीव्हीटी, विप्रोच्या एलएक्स-८०० प्रिंटरसह आणि हाताने लिहिलेल्या सूचनांसह अखंड ठेवावा? नमुना ठेवणे स्वस्त आहे, पण त्यावरून यंत्राची जात कळते, वापर कळत नाही. मला अखंड संचाची बाजू पटते, निदान जिल्ह्यात एका छापखान्यापुरती आणि एका कार्यालयापुरती. विद्यापीठाचे संगणकशास्त्र संकुल, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय संग्रहालय यांपैकी जागा कुणी द्यायची, हे मात्र अधांतरी आहे.

दुसरा वाद ओळख कुणी पटवायची याचा. निर्लेखन समितीवर तांत्रिक सदस्य असला तरी त्याचे काम ‘दुरुस्तीयोग्य नाही’ एवढे सांगण्याचे असते. नोंदवहीत चार रकाने वाढवले, म्हणजे कंपनी व मॉडेल, अनुक्रमांक, आतली वेगळी कार्डे, आणि उघडलेल्या डब्याचा एक फोटो, तर बराच अंधार कमी होईल. याला नव्या कायद्याची गरज नाही. विरोधकांचे म्हणणे असे की आधीच रखडणारी प्रक्रिया त्यामुळे आणखी रखडेल आणि विषारी माल शाळेतच राहील. हा आक्षेप पोकळ नाही. पन्नास डबे उघडणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक म्हणून ते देता येईल, असा एक मधला मार्ग सुचतो.

तिसरा वाद कुलपांचा. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये आलेले ६५अ कलम तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडण्याला शिक्षा ठेवते, आणि कायद्याने मनाई नसलेल्या हेतूसाठी सूटही देते. कायदेशीर धारकाला प्रोग्रामची राखीव प्रत करण्याची मुभा ५२ व्या कलमात आहे. डोंगल मेलेल्या छापखान्याने स्वतःचीच जुनी पाने उघडायला कुलूप ओलांडले तर ते या सुटीत बसावे, असे कलमे वाचून वाटते. पण तीच फाइल ग्रंथालयाने किंवा संशोधकाने उघडली तर काय, हे शब्दांवरून स्पष्ट होत नाही. फॉन्ट कुणाचा, पान कुणाचे आणि लेख कुणाचा, हे तीन हक्क तिथे एकमेकांत अडकलेले आहेत.

या सगळ्यावर वेळेची मर्यादा आहे. फ्लॉपीवरचे चुंबकीय ठसे क्षीण होतात, पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते, आणि बुरशी लागलेली तबकडी फिरवली की वाचणारे शीर्षही बिघडते. क्रायोफ्लक्स, ग्रीझविझल यांसारखी छोटी उपकरणे चुंबकीय ठसा जसाच्या तसा उतरवून घेतात. चालू स्थितीतला जुना फ्लॉपी ड्राइव्ह त्यांनाही लागतोच, आणि तो मिळण्याची जागा पुन्हा भंगारच. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी यंत्रे कार्यालयांतून आणि केंद्रांतून आता मोठ्या संख्येने निर्लेखनाच्या यादीत येतील. त्यांच्यासाठी खोली मोकळी करताना सर्वांत आधी बाहेर जाईल तो मागच्या भिंतीशी पंचवीस वर्षे पडलेला ढीग, आणि नोंदवहीत त्याच्यापुढे अजूनही ‘संच, नग’ एवढेच आहे.